एकाहत्तराव्या फेऱ्याला

निवांत बसलेल्या माणसाचा आमच्या भाऊजींइतका राग करणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जबलपुरात, गोरखपुरच्या बाजारात त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीतच दुकान. जळालेले पंखे आणि मोटरी उघडायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, हा त्यांचा धंदा. आमच्याकडे त्याला सगळे बाइंडिंग म्हणतात. आता मला सांगा, मझौलीच्या तहसीलीत तीस वर्षं कागदांचे बस्ते बांधून रिटायर झालेला माणूस दुपारी जेवल्यावर जरा पाय पसरून बसला, तर त्यानं कोणाचं काय घोडं मारलं? पण मी असा टेकलो रे टेकलो की भाऊजी चष्म्यावरून बघायचे आणि विचारायचे, "साळेसाहेब, चुंबक कॉइलमध्ये नुसता ठेवून दिला तर किती वीज निघते?" मी म्हणायचो, "काहीच नाही निघत." "मग उठा," ते म्हणायचे, आणि माझ्या हातात वार्निशचा डबा द्यायचे.

हे चुंबक आणि कॉइलचं प्रकरण त्यांच्या घरी पाहुण्याला पाण्याच्या आधी मिळायचं. पुठ्ठ्याची एक नळी, तिच्यावर तांब्याची तार शेकडो वेळा गुंडाळलेली, आणि तारेची दोन्ही टोकं एका काट्याच्या मीटरला जोडलेली. ना सेल, ना बोर्डातली वायर. "बघा," भाऊजी म्हणायचे, आणि चुंबकाची कांडी नळीत सर्रकन घालायचे. काटा टुणकन एका बाजूला उडायचा. मग ते कांडी तशीच आत ठेवून हात काढून घ्यायचे, आणि काटा मुकाट्यानं शून्यावर येऊन बसायचा. मग बाहेर ओढली की काटा उलट्या बाजूला. "येताना वीज, जाताना वीज. बसून राहिला की ठणठण गोपाळ. वीज चुंबकात नसते अन् तारेतही नसते. ते हलण्यात असते." माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायची होती तेव्हा मुलीकडची माणसं घरी आली, तर पोह्यांच्या बशा बाजूला सरकवून भाऊजींनी मुलीच्याच हातात कांडी दिली. मुलीचे वडील घाबरून गेले. त्यांना वाटलं ही यांच्याकडची काही पद्धत असेल. मुलीनं पदर खोचला आणि कांडी अशी झटक्यात घातली की काटा थेट शेवटाला जाऊन आपटला. भाऊजी आत येऊन ताईला म्हणाले, "पक्कं करून टाक. पोरीच्या हाताला वेग आहे." पत्रिका नंतर पाहिली, आणि ती जुळली नसती तरी त्यांनी ऐकलं नसतं.

शिवाय खिशात एक छोटा चुंबक कायम. त्या चुंबकानं माझी दोन मनगटी घड्याळं खाल्ली. कमानिया गेटच्या भांडेवाल्यांना भाऊजी लांबून दिसले तरी ते पुढची भांडी आत घ्यायला लागायचे, कारण हे प्रत्येक डब्याला चुंबक लावून बघणार आणि तो चिकटला की चारचौघांत सांगणार की या स्टीलमध्ये राम नाही. एक म्हातारा दुकानदार हात जोडून म्हणाला होता, "दादा, आपसे विनती है, चुंबक घर पे छोड़ के आया करो." त्यावर भाऊजींनी त्याला तिथेच उभं करून चुंबक घरी ठेवणं कसं अशक्य आहे ते समजावून सांगितलं. पाऊण तास. मी बाजूला पिशव्या धरून उभा.

खरं सांगायचं तर भाऊजींचं भाषण सुरू झालं की मी मान डोलवायचो आणि मनात भाजीची यादी करायचो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तो घडा म्हणजे मी. पंख्याच्या फिरणाऱ्या भागाला एकही तार जोडलेली नसते, तरी आतल्या कॉइलमुळे त्यात न शिवता वीज उठते, हे त्यांनी मला निदान पन्नास वेळा सांगितलं असेल आणि मी पन्नास वेळा "अच्छा?" म्हटलं असेल. ताई स्वयंपाकघरातून हसायची. "अहो, तो ऐकत नाही. त्याच्या डोळ्यांत भेंडी दिसून राहिली मला," असं ती म्हणायची आणि ते अगदी खरं असायचं.

माझी ताई हा या घराचा दुसरा निम्मा भाग. लग्नाच्या पहिल्या वर्षी भाऊजींनी तिला धुवांधार धबधबा दाखवायला नेलं. सगळे लोक ते पाणी बघून गप्प होतात, फोटो काढतात. हे कठड्याला टेकून हळहळत राहिले, की एवढं पाणी नुसतं खाली पडून राहिलं आहे आणि खाली एक चाक नाही. ताई म्हणाली, "मी पण इथं आहे, माझ्याकडे बघा जरा." हा किस्सा ती माहेरी येऊन हसत हसत सांगायची, पण आमच्या आईला काळजी वाटली होती. भाऊजींचा मात्र बायकोबद्दल एक सिद्धांत तयार होता. चुंबक कॉइलजवळ नेला की कॉइल त्याला मागे ढकलते आणि दूर न्यायला लागलो की ओढून धरते, हा निसर्गाचा नियम. "तुमची ताई डिट्टो तशी. जवळ गेलो तर 'हटा तिकडे, पोळ्या करून राहिले', अन् चप्पल घातली तर 'कुठे चालले, काहून चालले?' तिला कोणताच बदल पसंत नाही, साळेसाहेब." ताई म्हणायची, "नाही जी, मला तुम्ही जिथं आहे तिथं पसंत आहे." आणि दोघंही आपापल्या कामाला लागायचे.

बाइंडिंगमध्ये फेरे मोजायला लागतात. एका हातानं मशीनचा दांडा फिरवायचा, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सोडायची, आणि प्रत्येक फेरा मोजायचा. कॉइलमध्ये फेरे कमी पडले तर पंखा तापतो, जास्त झाले तर तो रडत रडत फिरतो. मशीनला आकडे दाखवणारं एक छोटं घड्याळ असतं, पण भाऊजींचा त्याच्यावर विश्वास नव्हता. "ते चुकलं तर त्याला शरम नाही वाटत," ते म्हणायचे. म्हणून ताई मोजायची. स्वयंपाकघरात कणीक मळता मळता ती मोठ्यानं एक, दोन, तीन म्हणत जायची आणि इकडे भाऊजींचा हात तिच्या आवाजावर फिरत राहायचा. शंभर झाले की ती थांबायची, भाऊजी डबीत एक चिंचोका टाकायचे, आणि परत एकपासून. भांडण झालेलं असलं तरी मोजणं बंद पडायचं नाही. फक्त आकडे जरा जोरात यायचे. गोरखपुरातल्या कितीतरी घरांत आज जे पंखे फिरतात, ते माझ्या ताईनं मोजलेले आहेत. त्या घरांना ते ठाऊक नाही.

मध्ये आमची आई नागपूरला आजारी पडली आणि ताईला महिनाभर जावं लागणार होतं. भाऊजींच्या तोंडचं पाणी पळालं. बायको जाते म्हणून नाही असं ते म्हणाले, उन्हाळ्याचे दिवस आहेत आणि वीस पंखे पडले आहेत म्हणून. त्यांनी टेपरेकॉर्डर काढला, एक कोरी कॅसेट घातली आणि ताईला म्हणाले, "शंभरापर्यंत मोज. माझ्या हाताच्या चालीनं." ताई पदरानं तोंड दाबून हसली आणि मोजायला लागली. सगळं नीट चाललं होतं. एकाहत्तरला पोचली आणि मध्येच म्हणाली, "एकाहत्तर... थांबा हो, दूध वर आलं." मग तिच्या धावण्याचा आवाज, भांडं उतरवल्याचा आवाज, बांगड्या, आणि थोडी धाप लागलेला तिचा आवाज: "हं. बहात्तर." पुढे शंभरापर्यंत सुरळीत. ताई म्हणाली, दुसऱ्यांदा भरून घ्या. भाऊजी म्हणाले, "राहू दे. तेवढ्यात तार थंड होते." तार काही थंडबिंड होत नसते, एवढं मलासुद्धा कळतं.

ती कॅसेट महिनाभर चालली, मग ताई परत आली आणि कॅसेट फळीवर गेली. कितीतरी वर्षांनी ती खाली आली. ताईला किडनीचं दुखणं झालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची, आल्यावर बोलायचीही ताकद नसायची, तरी पडल्या पडल्या ओठांनी मोजायची. दोन वर्षं असं काढून ती गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन पुढच्या खोलीत गेलो, तर माझ्या ताईचा आवाज. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. भाऊजी मान खाली घालून दांडा फिरवत होते. एकाहत्तरला दूध वर आलं आणि त्यांचा हात थांबला. भांडं उतरेपर्यंत ते तसेच तार चिमटीत धरून थांबले. बहात्तरला हात परत सुरू. शंभर झाले की चिंचोका टाकायचा, फीत मागे घ्यायची, आणि परत एक. मला ते सहन झालं नाही, मी अंगणात जाऊन रडलो.

तेव्हा त्यांनी मला समजावलं होतं, आणि या वेळी मी अर्धंमुर्धं ऐकलंही. "त्या फितीवर बारीक बारीक चुंबकं असतात. फीत सरकते अन् पुढे एक छोटी कॉइल बसलेली असते, तिच्यात वीज उठते. ते वीज म्हणजे तुझी ताई." थट्टेत असले की भाऊजी मला साळेसाहेब आणि तुम्ही म्हणायचे, मनातलं बोलायचे तेव्हा तू म्हणायचे. भाचा बेंगळुरूहून येऊन म्हणाला, "बाबा, आईचा आवाज फोन में डाल देता हूँ, दोन मिनिटं लागतील." भाऊजींनी फोन हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला. "याच्यात काही फिरत नाही. मग ती येणार कुठून?" भाच्यानं कपाळाला हात लावला. मी भाऊजींची बाजू घेतली, कारण मलाही वाटलं, चाललंय ते बरं आहे. आता वाटतं, त्या दिवशी दोघांनी मिळून पोराचं ऐकायला हवं होतं.

ताईचं वर्षश्राद्ध आलं. घराला रंग द्यायचा ठरला, दुकान बंद केलं, आणि आवराआवरीला मी गेलो. आवरणं ही माझी खोड. तीस वर्षं कागद कपड्यात बांधून फडताळात ठेवले, एक चिठ्ठी गहाळ होऊ दिली नाही. पुढच्या खोलीत बघतो तर काय, ती कॅसेट टेबलावर तारेच्या तुकड्यांत पडलेली, बाजूला वार्निशचं उघडं डबडं, वरून रंगाचे शिंतोडे. मला फार राग आला. एवढी मोलाची वस्तू आणि ही तऱ्हा. भाऊजींच्या कपाटात एक पत्र्याचा डबा होता, त्यात त्यांची सगळ्यांत लाडकी वस्तू, ताईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून: एका मोठ्या लाउडस्पीकरमधून निघालेला भाकरीएवढा चुंबक. दसऱ्याला ते त्याला हळदकुंकू वाहायचे. मी कॅसेट पुसली आणि त्याच डब्यात ठेवली. हलू नये म्हणून चुंबकाच्या खाली दाबून ठेवली, साडीचा तुकडा वरून नीट खोचला, आणि माझं मलाच समाधान वाटलं.

अकरा दिवसांनी रंग वाळला, श्राद्ध झालं, आणि भाऊजी कॅसेट शोधायला लागले. मी म्हटलं, "चिंता नको. तुमच्यासारखी टाकून नाही दिली. जागेवर आहे." डबा आणून पुढे ठेवला. त्यांनी झाकण काढलं, साडीचा तुकडा बाजूला केला आणि थांबले. चुंबक उचलला तर कॅसेट तिच्या लोखंडी स्क्रूंनी त्याला चिकटून वर आली, ती त्यांनी हळूच सोडवली. माझ्याकडे पाहिलं नाही. टेपमध्ये घातली, बटण दाबलं. नुसती सरसर. त्या सरसरीच्या खाली कुठेतरी काही गुरगुरल्यासारखं, पण ताई नाही, आकडा नाही, दूध नाही. शेवटपर्यंत त्यांनी ती चालवली. मग म्हणाले, "फीत जुनी झाली होती. हे व्हायचंच होतं." आणि मी, तो पालथा घडा, म्हणालो, "हो ना, आजकाल कॅसेटी टिकतात कुठे." चहा पिऊन घरी गेलो.

मन मात्र मानेना. आठवड्यानं भाऊजींना न सांगता मी कॅसेट उचलली आणि कमानिया गेटजवळच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो, म्हटलं यातून काही निघालं तर बघा. त्यानं पाच मिनिटं ऐकली, कॅसेट बाहेर काढली आणि सहज विचारलं, "चुंबक के पास तो नहीं रखी थी, भैया?" मी म्हणालो, पास कशाला, खाली ठेवली होती. तो म्हणाला, "तो फिर अब इसमें कुछ नहीं है." आणि मग त्यानं मला जे समजावलं, ते मी अगदी शब्दशः ओळखलं. बारीक बारीक चुंबकं, मोठा चुंबक जवळ आला की सगळी विस्कटतात. हे मी आधी ऐकलं होतं. भाऊजींनी सांगितलं होतं, एकदा नाही, दहादा. मी तेव्हा मान डोलावत होतो. माझ्या बहिणीचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता आणि मी तो स्वतःच्या हातानं, नीट घडी घालून, पुसून टाकला होता.

तिथून मी थेट गोरखपुरला गेलो. भाऊजी एकटेच होते. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "भाऊजी, ते माझ्यामुळे झालं." ते म्हणाले, "बस." मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बस म्हटलं होतं. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"डबा उघडला तेव्हाच समजलं."

"मग बोलले काहून नाही? शिव्या तरी द्यायच्या."

ते बराच वेळ दांड्यावरचं तेल पुसत राहिले. मग म्हणाले, "शिव्या देऊन ती परत मोजणार होती का? अन् माझी बायको होती तशी तुझी बहीण होती. एका घरात दोघांनी काहून रडायचं त्याच्यासाठी. मी एकटा पुरत होतो." मग फडकं बाजूला ठेवून, "सांगितलं मात्र होतं मी तुला. तू भेंडी घेऊन राहिला होता."

मी हसलोही आणि रडलोही, आणि या वयात दोन्ही एकदम आलं की नाक पुसायला रुमाल सापडत नाही. भाऊजींनी मला मशीन पुसायचं फडकं दिलं. ते तेलकट होतं, तरी मी घेतलं. टेबलावर एक पंखा उघडा पडलेला होता, आठ दिवसांपासून तसाच. ताईचा आवाज गेल्यापासून त्यांनी एकही कॉइल भरली नव्हती, ते मला तेव्हा दिसलं. त्यांनी तारेचं टोक मशीनला अडकवलं, दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, मोज."

मी हिंदी शाळेत शिकलेला. घरी मराठी बोलतो, पण मोजायची वेळ आली की तोंडात इकसठ, बासठ येतं. ताई घरात मोठी, ती आईजवळ बसून आकडे शिकली होती. मी अडखळत सुरू केलं. एक, दोन, तीन. भाऊजींचा हात माझ्या चालीनं सावकाश फिरायला लागला. सदतीसला मी चुकलो तर ते थांबले, "सदतीस," म्हणाले, आणि परत फिरले. साठाच्या पुढे मला घाम फुटला. सडुसष्ट. अडुसष्ट. एकोणसत्तर. सत्तर. आणि मी म्हणालो, "एकाहत्तर," आणि दांडा थांबला.

मला वाटलं तार तुटली. मी बघितलं तर तार चिमटीत ताणलेली, शाबूत. भाऊजी मान जराशी वळवून स्वयंपाकघराकडे बघत होते. तिथे ओट्यावर नवा रंग होता, गॅस बंद होता, एक भांडंसुद्धा नव्हतं. मीही तिकडेच बघत बसलो. दूध उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ.

आता मी रोज दुपारी जेवून गोरखपुरला जातो. माझं मोजणं सुधारलं आहे असं भाऊजी म्हणत नाहीत, पण परवा एका गिऱ्हाईकाला सांगत होते की साळेसाहेब आता कामाला लागले. एकाहत्तरला हात अजून थांबतो, प्रत्येक शंभराला एकदा. ते स्वयंपाकघराकडे बघतात, मग हात दांड्यावर जरा घट्ट होतो, आणि ते हळूच म्हणतात, "हं."

मग मी म्हणतो, बहात्तर.